पत्री लाल आहे तोवर

मशिदीतल्या बैठकीतून परतलेला लुक्मान फाटकातच थबकला. अंगणभर चटया अंथरल्या होत्या आणि त्यांवर ओली जायपत्री पसरली होती, लालभडक, नुकतीच सोललेली. मधोमध त्याची आई इंतान उकिडवी बसून एकेक पत्री तळव्याखाली दाबून सपाट करत होती. चेहरा असा, की रोजचंच काम चाललंय.

"आई, हे काय?"

"दिसत नाही? पत्री आहे."

"आपल्या बागेची बंदी अजून उठलेली नाही. इमाम उद्या येणार, दुवा मागणार, मग झावळी सोडणार."

"सोडली मी. पहाटेच."

लुक्मान मटकन पायरीवर बसला. बागेच्या तोंडाशी बांधलेली माडाची झावळी म्हणजे बंदी. ती आहे तोवर घरच्या धन्यानंही फळाला हात लावायचा नाही. सोडायची ती इमामांनी. घरच्या बाईनं सोडली तर त्या हंगामाचं फळ बाटलं. मग ते ना जावाच्या व्यापाऱ्याला विकता येत, ना गोऱ्या वलंदेजांना. घरातच सडवावं लागतं. आमच्या बेटावर भात पिकत नाही. जायफळ गेलं म्हणजे वर्षाचा तांदूळ गेला. हे आमच्या लोंतोर गावच्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि इंतान काही शेंबडी पोर नव्हती.

"तुला वेड लागलंय का?" लुक्मान म्हणाला. "सुबैदा! दुल्लाह! कुणी अडवलं नाही हिला?"

त्याची बायको सुबैदा स्वयंपाकघराच्या दारात आली, हात पदराला पुसत. "मी कोण अडवणार? या घरात माझं कोण ऐकतं? मी उठले तर दोन टोपल्या सोलून झाल्या होत्या."

"लुक्मान," आई म्हणाली, "आधी तू सांग. बैठकीत काय ठरलं?"

त्यानं पायरीवरची एक साल उचलून दूर भिरकावली. पण आईला सगळं ठाऊक होतं. काल पाणवठ्यावर गेलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

गेल्या महिन्यात तांदूळ घेऊन आलेलं जावाचं जहाज वलंदेजांनी समोरच्या नेइरा बेटाच्या तोंडाशी जाळलं. का, तर आमच्या मानकऱ्यांनी कागदावर खुणा केल्या आहेत, जायफळ दुसऱ्या कुणाला विकायचं नाही. त्या कागदावर पहिली खूण लुक्मानची. आमच्या जायफळासाठी हे लोक अर्धी पृथ्वी ओलांडून येत आणि बदल्यात काय देत, तर लोकरीचं कापड. आमच्या उन्हात लोकर! जहाज जळालं तेव्हा किनाऱ्यावरच्या बायका पाण्यातून भिजका, करपलेला तांदूळ परडीनं गाळत होत्या. त्या दिवसापासून गाव धुमसत होतं.

"आज संध्याकाळी," लुक्मान शेवटी म्हणाला. "ढोल वाजला की खालच्या वखारीतल्या वलंदेजांना संपवायचं. सगळ्यांना."

"आणि तेउनिसला?"

"तो आपला जावई. बैठकीतले म्हणाले, तुमचं माणूस, तुमचे हात. आम्ही त्याला शिवणार नाही. पण सकाळी तो जिवंत दिसला तर तुम्ही कुणाच्या बाजूचे ते आम्हाला कळेल." लुक्माननं तोंडावरून हात फिरवला. "घर जाळतील, आई. माझी खूण त्या कागदावर आहे ना. आधीच माझ्याकडे चोरासारखं बघतात."

"म्हणूनच सोडली झावळी," इंतान म्हणाली.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बंदी उठल्यापासून अंगणातली पत्री लालाची पिवळी होईपर्यंत त्या घरानं कुणाचा जीव घ्यायचा नाही, रक्त काढायचं नाही. कोंबडी कापायची नाही, मासळीसुद्धा शेजारच्यानं साफ करून दिलेली खायची. त्या घरात शस्त्र घेऊन कुणी शिरायचं नाही. हा नियम मोडला तर एका घराची नव्हे, अख्ख्या बेटाची झाडं वांझ होतात असं आम्ही मानतो. म्हणून या दिवसांत कुणी कुणाला हात लावायला सांगत नाही, वैरीसुद्धा.

"इमामांना सांगितलंस?"

"मीच जाऊन सांगितलं. म्हणाले, बाई, पोटावर पाय आणलास स्वतःच्या. पण पत्री लाल आहे तोवर तुझ्या घराला कुणी काही करायला लावणार नाही."

लुक्मानला हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. "आणि वर्षभर खायचं काय?"

"सागूच्या भाकऱ्या," दुल्लाह मागच्या अंगणातून आत येत म्हणाला. धाकटा दुल्लाह गावात सगळ्यांत तापट. केमालानं वलंदेजाशी लग्न केलं तेव्हा त्यानं चार महिने बहिणीशी बोलणं टाकलं होतं. "मी तर तयार होतो. आई, तू मला विचारायला हवं होतंस."

"तुला विचारलं असतं तर?"

"केलं असतं मी."

"हो ना," इंतान म्हणाली. "म्हणून नाही विचारलं. चल, त्या टोपलीतली फळं फोड."

दुल्लाह बसला आणि फळं फोडू लागला. लुक्मानला नवल वाटलं ते याचं, की धाकट्यानं भांडण केलं नाही.

*

दुपारी केमाला दारात उभी राहून खालच्या वाटेकडे बघत होती. आईनं तिला सकाळीच सगळं सांगितलं होतं, हात घट्ट धरून. त्याला इथं बोलाव, ढोल वाजून सगळं शांत होईपर्यंत बाहेर जाऊ देऊ नकोस, आणि त्याला कळता कामा नये. कळलं तर तो धावत खाली जाऊन बाकीच्यांना सांगेल, आणि मग तुझे भाऊ उरणार नाहीत.

 वखारीतला तो म्हातारा सुतार, जो तिला बघितलं की टोपी काढायचा, त्याला ती काय तोंड दाखवणार होती? पण त्याला तोंड दाखवायची वेळच येणार नव्हती. हे लक्षात आल्यावर ती आत जाऊन पाणी प्यायली.

"किती येरझारा घालशील?" सुबैदा चुलीपुढून म्हणाली. "जमिनीला खड्डा पडेल. सगळं गाव उपाशी मरायची वेळ आली ती त्या तुझ्या गोऱ्यामुळं, आणि आता आमची बागही त्याच्यासाठीच गेली."

"वहिनी, आज नको."

"आज नको तर कधी? नवऱ्याला अरे-तुरे करतेस, तो हसतो. माझ्या नवऱ्याला मी तसं म्हणाले असते तर सासूबाईंनी मला माहेरी धाडलं असतं."

"नसतं धाडलं," केमाला म्हणाली. "तुझ्या हातची मासळी त्यांना फार आवडते."

सुबैदा हसता हसता थांबली, आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

तेउनिस आला. उन्हानं नाक सोललेलं, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, तोंडभर हसू. त्याच्या काखेत एक जाडजूड कोंबडा होता. पुरुष दोघं मागच्या झऱ्यावर टोपल्या धुवत होते आणि इंतान नमाजाला आत गेली होती.  

"केमाला! बाग उघडली म्हणे तुम्ही! मला कुणी सांगितलं नाही. सणाला जावई रिकाम्या हातानं कसा येणार? आमच्याकडे असं करत नाहीत."

"तेउनिस, थांब, तो कोंबडा..."

थांबतोय कसला. तो माणूसच असा, मायेनं वागायचं ठरवलं की कान बंद. त्यानं चटईशेजारी एका गुडघ्यावर बसून कमरेची सुरी काढली आणि कोंबड्याची मान चिरली. रक्ताची चिळकांडी लाल पत्रीवर उडाली. पत्रीवर ती लगेच दिसलीही नाही, पण पिवळ्या चटईवर दिसली.

 घरच्या माणसानं, घराच्या अंगणात, स्वतःच्या हातानं रक्त काढलं होतं. आईनं वर्षाचं अन्न देऊन जे कुंपण घातलं होतं ते या शहाण्यानं मायेपोटी कापून टाकलं. बंधन एकदा मोडलं की उरत नाही; आता भावांना कसलीच आडकाठी नव्हती.

"काय झालं?" तेउनिस म्हणाला. "बारीक आहे का?"

सुबैदा पाण्याची घागर घेऊन बाहेर आली होती. तिनं कोंबडा पाहिला, चटई पाहिली, नणंदेचं तोंड पाहिलं. मग घागर खाली ठेवली, फडफडणारा कोंबडा त्याच्या हातातून ओढला, फळांच्या सालींच्या टोपलीत तळाशी कोंबला आणि वर साली लोटल्या. पायरीवर फळं फोडायचा कोयता पडला होता. तो उचलून तिनं स्वतःच्या डाव्या तळव्यावर ओढला.

"वहिनी!" तेउनिस ओरडला.

"गप्प! एक शब्द बोललास तर बघ." ती चटईजवळ बसली आणि आपलं रक्त त्याच रक्तावर गळू दिलं. चुकून सांडलेलं रक्त आणि मुद्दाम काढलेलं रक्त यांत आमच्याकडे फरक करतात. बायकांची बोटं कापतातच. "केमाला, चिंधी आण. आणि याची सुरी पूस."

लुक्मान आणि दुल्लाह धावत आले तेव्हा सुबैदा कण्हत होती. "फळ फोडताना निसटला कोयता. काही नाही, जा तुम्ही."

लुक्मान चटईवर वाकला. "एवढं रक्त?"

"मग काय, तुमच्या घरी येऊन वाळून गेले असं वाटलं तुम्हाला?"

इंतान दारात येऊन उभी होती. तिच्या पायाशी कोंबड्याचं एक पीस पडलं होतं. तिनं ते पायाखाली घेतलं आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं.

पुढे स्वयंपाकघरात, चिंधी बांधता बांधता, केमालाला रडू आलं. "वहिनी, तू त्याच्यासाठी..."

"त्याच्यासाठी? तो मेला काय, जगला काय." सुबैदानं हात ओढून घेतला. "माझ्या नवऱ्याला करावं लागलं असतं ते. आणि मग तोच हात घेऊन तो माझ्याशेजारी निजला असता, आयुष्यभर. मला नको होता तो हात."

*

उन्हं कलली तसा तेउनिस उठला. वखारीला जायला हवं, माझी वाट बघत असतील, म्हणाला. केमालानं आणखी थोडं मासळीचं कालवण वाढलं. इंताननं दाढदुखीचं सोंग घेतलं आणि त्याच्याकडून लवंग मागून घेतली. मग दुल्लाहनं त्याला पेरूच्या झाडाखाली सोंगट्या खेळायला बसवलं. दुल्लाह आणि तेउनिस एकत्र बसलेले आजवर कुणी पाहिले नव्हते, त्यामुळे तेउनिसला फार आनंद झाला. त्या आनंदाकडे इंतानला बघवेना.

ढोल वाजला.

"कुणाचं लग्न?" तेउनिसनं विचारलं. दुल्लाहनं सोंगटी पुढे सरकवली. खालून ओरडण्याचा आवाज आला, मग बंदुकीचा एकच बार. तो उठून धावला. दुल्लाहनं त्याला फाटकात गाठलं, खाली पाडलं आणि त्याच्या पाठीवर बसला. त्यानं मारलं नाही, ओरबाडलंही नाही, फक्त सारा भार टाकून बसून राहिला. तेउनिस मातीत तोंड घालून मित्रांची नावं घेत होता. वखारीचं छप्पर पेटलं तसा धूर अंगणात आला.

आवाज थांबले तेव्हा दुल्लाह उठला. तेउनिस मात्र बराच वेळ तसाच पडून होता. मग बसून त्यानं तोंडावरची माती पुसली.

"तुम्हाला माहीत होतं," तो म्हणाला. "सकाळपासून."

"हो," केमाला म्हणाली.

"तूही?"

"तू जिवंत राहावास म्हणून."

त्यानं मान हलवली, जणू वखारीत कुणी त्याला पोत्याचं वजन सांगितलं होतं आणि त्यानं ते ऐकून घेतलं होतं. मग उठून तो मागच्या वाटेनं किनाऱ्याकडे चालू लागला. तिथं दुल्लाहची होडी असायची. सगळे त्याच्या मागे गेले.

"मला नेइराला सोडा," तो म्हणाला.

"जाऊन काय सांगणार?" लुक्माननं विचारलं.

"विचारतील ते."

"मी विचारतोय, तू काय सांगणार?"

"जे झालं ते. बैठक झाली. तू त्या बैठकीत होतास." तेउनिसचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी शपथ घेऊन नोकरीला लागलोय, दादा. खोटं बोलता येत नाही मला. मी तसा माणूस नाही."

तो तसा माणूस नव्हताच. चांगल्या माणसांची ही एक मोठी अडचण असते. नेइरातल्या वलंदेजांच्या किल्ल्यात एकदा नाव गेलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तटावरच्या खांबाला गेल्या पावसाळ्यापासून दोर लोंबत होते. कागदावरची पहिली खूण लुक्मानची, आणि बैठकीतलं पहिलं नावही त्याचंच असणार.

"इथंच राहा," केमाला म्हणाली. "रानात राहू. माझ्या मामाकडे राहू, रुनच्या बेटावर."

"आणि वखारीतल्या त्या चौघांच्या घरी कोण कळवणार?"

लुक्मान मुठी वळून उभा होता. त्याचे हात बांधलेले होते, आणि ते बांधले होते त्याच्या आईनं. इंतानला हे तेव्हाच कळून चुकलं होतं, ढोल वाजायच्याही आधी, पेरूच्या झाडाखाली तेउनिस हसत होता तेव्हा. मुलीचा नवरा वाचवायला तिनं जे कुंपण घातलं होतं, त्याच्या आत उभा राहून तो आता तिच्या मुलाला फासावर देणार होता, आणि पत्री लाल आहे तोवर त्याला कुणी मारू शकत नव्हतं. अंगणातली पत्री पिवळी व्हायला अजून चांगली उन्हं हवी होती. नेइरा तर समोरच होतं, एका हाकेवर.

दुल्लाहनं होडी पाण्यात लोटली. तेउनिस गुडघाभर पाण्यात शिरला. केमाला त्याच्या मागे निघाली.

"लुक्मान," इंतान म्हणाली.

सुबैदानं चमकून सासूकडे पाहिलं आणि मान हलवली, नको, नको.

"लुक्मान, आज दुपारी अंगणात जे रक्त सांडलं ते सुबैदाचं नव्हतं. यानं कोंबडा कापला. आपल्या हातानं, चटईजवळ. सालींच्या टोपलीत बघ." तिनं घराकडे बोट केलं. "बंधन मोडलंय. तुझे हात मोकळे आहेत, बाळा."

 लुक्मानचा हात कमरेशी गेला, आणि त्या हातावर चिंधी बांधलेला सुबैदाचा हात पडला.

"आई थकल्यात," सुबैदा म्हणाली. "सकाळपासून उन्हात बसल्यात. काहीही बोलतायत. माझा हात कापला तो मला माहीत."

"सोड," लुक्मान म्हणाला.

"नाही सोडणार. आधी माझ्याशी भांडा."

त्यानं धाकट्या भावाकडे पाहिलं. होडीला हात टेकून दुल्लाह छातीभर पाण्यात उभा होता. तेउनिस आता त्याच्या हाताच्या अंतरावर पोचला होता. नुसतं मानगूट धरून पाण्याखाली दाबायचं काम होतं.

"दुल्लाह, ऐकलंस ना?"

"काय?" दुल्लाह म्हणाला. "वारा आहे, दादा. काही ऐकू येत नाही." त्यानं बहिणीला दंडाला धरून होडीत चढवलं, तेउनिसला चढवलं, स्वतः चढला आणि वल्हं हाती घेतलं.

वारा नव्हता. धूर सरळ वर जात होता.

लुक्मान वाळूत बसला. सुबैदानं त्याचा हात अजून सोडला नव्हता. तिच्या चिंधीतून पुन्हा रक्त येऊ लागलं होतं, पण तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. इंतान एकटी पाण्याच्या कडेला उभी राहिली. मुलाला वाचवायला तिनं जावयाचा जीव मागितला होता आणि तो तिला कुणी दिला नव्हता, तिच्या पोटच्या पोरांनीसुद्धा नाही.

होडी दूर गेली तसा तेउनिस वळून बसला. मघापासून त्यानं एकदाही मागे पाहिलं नव्हतं, आता तो सरळ तिच्याकडेच बघत होता. तिनं काय म्हटलं ते त्यानं शब्दन् शब्द ऐकलं होतं. आमची भाषा त्याला चांगली येत होती; लग्नाच्या वर्षी पावसाळाभर समोर बसवून इंताननंच त्याला ती शिकवली होती.